माशाच्या आतड्याची स्लाईड: शेततळ्यापासून मायक्रोस्कोपपर्यंत

दरवर्षी एमएस्सी झूलॉजीची दोन-चार मुलं प्रोजेक्टला माशाची पचनसंस्था घेतात, कारण मासा सहज मिळतो, स्वस्त पडतो, आणि वाटतं की आतडं तर आहे, कापायचं, रंगवायचं, बघायचं. मग मार्च महिन्यात स्लाईडचा डबा घेऊन येतात आणि विचारतात, मॅडम, पुस्तकात दाखवलंय तसं यात काहीच का दिसत नाही. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. ती स्लाईड लॅबमध्ये बिघडलेली नसते, ती बाजारातच बिघडलेली असते. मासा मेल्यानंतरची पहिली दहा मिनिटं ज्यानं सांभाळली त्याचं पुढचं सगळं काम सोपं जातं, आणि ज्यानं ती घालवली त्याला जगातला कुठलाच स्टेन (स्लाईड रंगवायचा रंग) वाचवत नाही. म्हणून हा लेख मी मुद्दाम मासा आणण्यापासून सुरू करतेय.

कारण साधं आहे. आतड्यात पचवणारे एन्झाईम असतातच, मासा जिवंत असताना त्यांच्यापासून भिंतीचं रक्षण होत असतं, मेल्यावर ते थांबतं आणि एन्झाईम स्वतःच्याच भिंतीला पचवायला लागतात. यकृत आणि मूत्रपिंड थोडी कळ काढतात, आतडं काढत नाही. त्यात आपलं सोलापूर, एप्रिलमध्ये बेचाळीसच्या वर पारा, तिथं ही क्रिया किती वेगानं होत असेल बघा.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या वेळी मी सकाळी बाजारातून बर्फातला रोहू घेतला, घरी फ्रीजमध्ये ठेवला, दुपारी लेक्चर झाल्यावर लॅबमध्ये कापला. स्लाईडवर आतड्याच्या आतल्या थराचे तुकडे पोकळीत सुटून पडलेले, टोकं उघडी पडलेली. मी वहीत लिहून टाकलं की एपिथेलियमचा, म्हणजे या आतल्या पेशींच्या थराचा, ऱ्हास झालाय, पाण्यातल्या प्रदूषणाचा परिणाम असावा. सरांनी स्लाईड बघितली आणि एवढंच विचारलं, हा मासा मेला किती वाजता? मला सांगता आलं नाही. तो पूर्ण महिना परत केला मी. आणि हे आजही सगळीकडे होतं, कीटकनाशकाचा परिणाम, जड धातूंचा परिणाम असे प्रोजेक्ट होतात आणि त्यात सडण्याच्या खुणा विषाच्या खुणा म्हणून मोजल्या जातात. शेजारी त्याच वेळी, त्याच पद्धतीनं फिक्स केलेला (म्हणजे रसायनात घालून सडणं थांबवलेला) निरोगी मासा नसेल तर असा निष्कर्ष लिहूच नका, कळकळीनं सांगते.

आता मासा कुठला आणि कुठून. माझा सल्ला, एकच मासा घेण्यापेक्षा तीन घ्या, रोहू, चिलापी (तिलापिया) आणि मरळ. तिघांचं खाणं वेगळं म्हणून तिघांची नळी वेगळी, शेजारी शेजारी ठेवल्यावर जे कळतं ते एका माशावर सहा महिने घालवून कळत नाही. उजनी धरणाचा मासा भिगवणहून बर्फात येतो, खायला उत्तम, पण आपल्या कामाचा नाही कारण तो मरून कित्येक तास झालेले असतात. त्यापेक्षा मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट कुठंही ज्यांच्या शेततळ्यात मासे सोडलेत अशा शेतकऱ्याला आधी फोन करा, विक्रीसाठी काढणार असतील त्या दिवशी जा. रोहू आणि चिलापी तिथं मिळून जाईल. मरळ मात्र बाजारातही जिवंत मिळते, ती हवेतून श्वास घेऊ शकते म्हणून ओल्या टोपलीत तासन् तास तग धरते. पाव ते अर्धा किलोचा मासा बघा, फार मोठ्याचं आतडं मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवताना त्रास होतो.

आदल्या दिवशी मासे खाद्य न देता जाळीत ठेवायला सांगा, शेतकरी लांब पाठवायच्या माशाला असंही उपाशी ठेवतात त्यामुळं त्यांना यात नवल वाटत नाही. रिकामं आतडं का हवं तर रोहू-मृगळच्या पोटात चिखल, वाळू असते, त्यातला एक कण काप काढणाऱ्या यंत्राचं पातं खराब करतो आणि मग प्रत्येक सेक्शनवर, म्हणजे पातळ कापावर, उभी चीर पडते.

खाण्यासाठी मासा कापताना शेजारी उभं राहायचं आणि आतडी मागून घ्यायची, हीच माझी पद्धत. 'ताई, आम्ही तर ही टाकून देतो, तुम्ही डब्यात भरून कुठं नेता,' असं विचारतात, तेव्हा नीट समजावून सांगा, पुढच्या वेळी तेच फोन करून बोलावतात. स्वतः मासे पाळून त्यांच्यावर प्रयोग करायचा असेल तर तो वेगळा विषय, त्याला कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्यायची, नंतर नाही.

निघताना पिशवीत काय हवं: रुंद तोंडाच्या बाटल्या, बोथट टोकाची कात्री, नवीन ब्लेड, चिमटा, ५ मिलीची सिरिंज, ०.७ टक्के मिठाचं पाणी, हातमोजे, पेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या. चिठ्ठी पेन्सिलनंच लिहा आणि बाटलीच्या आत टाका, पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि मग सहा सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांतला पुढचा कुठला आणि मागचा कुठला ते देवालाच माहीत. आणि बाटल्यांमध्ये फिक्सेटिव्ह, म्हणजे सडणं थांबवणारं रसायन, घरूनच भरून न्यायचं. १ लिटरसाठी बाजारात मिळणारं फॉर्मालिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हे झालं १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन. काही जण फॉस्फेटचा कंटाळा करून नुसतं पाणी घालतात, मग फॉर्मालिन आम्लधर्मी होत जातं आणि जिथं रक्त असेल तिथं स्लाईडवर तपकिरी-काळे ठिपके येतात. बुआं फिक्सेटिव्हनं पेशींची केंद्रकं सुरेख येतात पण त्यातलं पिक्रिक ॲसिड वाळलं तर स्फोटक असतं, नवीन माणसानं त्याच्या नादी लागू नये. फॉर्मालिनसुद्धा साधं नाही, मोकळ्या हवेत ओता, डोळ्याजवळ नेऊ नका.

मासा कापला की घड्याळ बघून वेळ लिहायची. गुदद्वारापासून पुढं घशापर्यंत पोट उघडायचं, कात्रीचं टोक आत खुपसायचं नाही. रोहूत तुम्हाला लांबच लांब गुंडाळी दिसेल, शरीराच्या कितीतरी पट लांब, आणि तिच्या वेढ्यांमध्ये यकृताचे तुकडे घुसलेले. ती सगळी सोडवत बसू नका, वेळ जातो आणि ओढाताणीत आतला थर फाटतो. हवे तेवढेच तुकडे घ्या: अन्ननलिका, त्याच्या मागचा फुगीर भाग (चिलापी आणि मरळमध्ये खरं जठर), आतड्याचा पुढचा, मधला आणि शेवटचा भाग. तुकडा अर्धा सेंटीमीटर, फार तर एक. बोटानं दाबून आतली घाण काढायची नाही, हे अगदी पाठ करा! मिठाच्या पाण्यानं सिरिंजमधून हलकेच धुवायचं, मग त्याच सिरिंजनं थोडं फॉर्मालिन पोकळीतून सोडायचं कारण बाहेरून ते आत पोचायला वेळ लागतो आणि आपल्याला वाचवायचाय तो थर सगळ्यात आत आहे. मग तुकडा बाटलीत. फॉर्मालिन तुकड्याच्या किमान दहापट हवं, वीसपट असेल तर उत्तम. एका भागाला एक बाटली. चोवीस तास तसंच राहू द्या. आणि बाटलीत तुकडा पडला ती वेळही लिहा.

लॅबमधला मधला टप्पा सरळ आहे, त्यात डोकं कमी आणि शिस्त जास्त लागते. नळाखाली धुणं, मग ५०, ७०, ८०, ९०, ९५ आणि १०० टक्के अल्कोहोल, शेवटचं दोनदा, माशाचं आतडं पातळ असतं त्यामुळं प्रत्येकी पाऊण ते एक तास पुरे. इथेनॉल मिळत नसेल तर आयसोप्रोपिल चालतं. मग झायलिन (अल्कोहोल काढून मेणाला वाट करून देणारं द्रावण), तुकडा काचेसारखा आरपार दिसायला लागला की लगेच बाहेर. झायलिन दुधासारखं झालं तर आत पाणी राहिलंय, गुपचूप परत १०० टक्क्याच्या अल्कोहोलमध्ये जा, पुढं ढकलू नका. आणि झायलिनमध्ये रात्रभर विसरलात तर तुकडा पापडासारखा ठिसूळ होतो. त्यानंतर ५८ ते ६० अंशाला वितळणाऱ्या मेणात तीन वेळा, एकेक तास. पितळेच्या दोन एल आकाराच्या पट्ट्या जोडून साचा करायचा, मेण ओतायचं आणि तुकडा त्यात बांगडी उभी नाही तर आडवी ठेवतो तसा, म्हणजे नळीचं भोक वर बघेल असा बसवायचा. हा तिरका बसला तर सेक्शन तिरका येतो आणि घड्या उगाचच लांब, जाड दिसतात, मग मोजमापं सगळी चुकतात.

आता मायक्रोटोम, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप काढणारं यंत्र. आपल्याकडं उन्हाळ्यात हा खरा कसोटीचा भाग आहे, पुण्या-महाबळेश्वरच्या माणसाला हे सांगून कळणार नाही. मेण वितळत नाही पण मऊ पडतं, सेक्शन चुरगळून पात्याला चिकटतात. म्हणून सकाळी सातला लॅब उघडून घ्या, ब्लॉक आधी अर्धा तास बर्फावर तोंड खाली करून ठेवा, दर आठ-दहा सेक्शननंतर परत बर्फ लावा. पंखा बंद. हे ऐकून मुलांचे चेहरे पडतात, पण ५ मायक्रॉनची पट्टी ही कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ असते, पंख्याच्या एका झुळकीनं ती उडून शर्टाला चिकटते. तर काय होतं, घाम कपाळावरून नाकावर येतोय, डाव्या हातात ओला ब्रश, उजव्या हातानं चाक एका लयीत फिरतंय, आणि पात्यावरून पांढरी रिबन हळूहळू खाली उतरतेय, एकेक चौकोन एकमेकाला जोडलेला आणि प्रत्येक चौकोनात मधोमध एक छोटी कडी. पहिल्यांदा ही रिबन सलग आली ना की मुलं श्वास धरून बघतात, मी पण बघते अजून.

रिबनचा तुकडा ४५ अंशाच्या पाण्यावर सोडला की सुरकुत्या निघतात, मग खालून स्लाईड घालून उचलायचा. स्लाईडला आधी अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीन समसमान मिसळून केलेला चिकट लेप अगदी पुसट, करंगळीनं लावायचा. जास्त लावलात तर तोच रंग धरतो आणि सगळी पार्श्वभूमी गुलाबी होते. स्लाईड हॉटप्लेटवर वाळवा.

रंगवताना: झायलिन दोनदा पाच-पाच मिनिटं, मेण पूर्ण गेलं पाहिजे, उतरत्या क्रमानं अल्कोहोल, पाणी, मग हॅरिस हिमॅटॉक्सिलिन (केंद्रकं रंगवणारा स्टेन) पाच मिनिटं, धुवा, १ टक्का ॲसिड अल्कोहोलमध्ये एक-दोन बुडक्या आणि परत पाणी. इथं केंद्रकं तांबूस-जांभळी असतात, ती निळी व्हायला किंचित अल्कधर्मी पाणी लागतं. आपल्या बोरचं जड पाणी चहाला आणि डाळ शिजायला त्रास देतं, पण या कामाला छान चालतं, पाच-दहा मिनिटांत निळं चढतं. नळाला रोज पाणी येत नाही तेव्हा ट्रे भरून बोरचं पाणी ठेवा, दोन-तीनदा बदला. मग इओसिन (बाकीचा भाग गुलाबी करणारा स्टेन) एक मिनिट, चढतं अल्कोहोल, झायलिन, डीपीएक्स या चिकटवायच्या द्रावणाचा थेंब, वर कव्हरस्लिप एका कडेनं हळू टेकवायची. गरमीत झायलिन पटकन उडतं आणि खाली हवेचे बुडबुडे राहतात, तेव्हा एकावेळी दोनच स्लाईड बाहेर काढा.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिनवर थांबू नका, एक सेट पीएएस आणि अल्शियन ब्लू या दोन स्टेनचा करा. माशाच्या आतड्यात चिकट स्राव बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी भरपूर असतात, त्या साध्या स्टेनमध्ये रिकाम्या भोकासारख्या दिसतात, नवीन मुलं त्यांना जखमा समजतात. पीएएसनं न्यूट्रल स्राव किरमिजी होतो, २.५ पीएचच्या अल्शियन ब्लूनं आम्लधर्मी स्राव निळा, दोन्ही एकत्र लावले तर मिश्र पेशी जांभळ्या. एवढा सुंदर रंग दुसऱ्या कुठल्या प्रॅक्टिकलमध्ये मला तरी दिसलेला नाही.

आता वाचायचं. सगळ्यात आधी ४ एक्स, म्हणजे चारपट मोठं दाखवणारं भिंग. लगेच ४० एक्सवर उडी मारली की रस्ता चुकतो. आतून बाहेर चार थर मोजा: म्यूकोसा, सबम्यूकोसा, स्नायूंचा थर, सिरोसा. माणसाच्या आतड्याची आकृती डोक्यात ठेवून बसलात तर फसाल. माणसाच्या लहान आतड्यात बोटांसारखे व्हिलाय असतात, आपल्या सोलापुरी टॉवेलवर लूप उभे असतात तसे. माशात बहुतेक करून ती बोटं नसतात, घड्या असतात, नऊवारीच्या निऱ्यांसारख्या लांबट, एकमेकींना जोडलेल्या. आडव्या सेक्शनमध्ये निरी कापली गेली की ती बोटासारखीच दिसते, म्हणून सगळे व्हिलाय लिहून मोकळे होतात. घड्यांच्या बुडाशी माणसात असतात तशा क्रिप्ट्सही (खोलगट खळगे) बहुतेक माशांत सापडणार नाहीत, शोधत बसू नका. स्नायू आत गोल आणि बाहेर लांबट, त्यांच्या मधे बारीक चेतापेशींचे पुंजके दिसले तर तुमचं फिक्सेशन झकास झालंय.

अन्ननलिका ओळखायला सोपी. एपिथेलियम अनेक थरांचं, त्यात गॉब्लेट पेशी खच्चून भरलेल्या, आणि स्नायू पट्ट्यापट्ट्यांचे, हातापायाच्या स्नायूसारखे. लाळग्रंथी माशाला नाहीत, घास ओला करून पुढं सरकवायचं काम हाच चिकट स्राव करतो.

पुढं खरी गंमत. रोहूच्या फुगीर भागाचं सेक्शन लावा आणि जठरग्रंथी शोधा. अर्धा तास शोधलंत तरी मिळणार नाहीत, कारण रोहू, कटला, मृगळ या कार्प घराण्याला जठरच नसतं. अन्ननलिकेनंतर थेट आतडं, फक्त पुढं जरा फुगलेलं. आम्ल नाही, पेप्सिन (प्रथिनं पचवणारं एन्झाईम) नाही. तोंडात दात नाहीत पण घशात आहेत, त्यांनी वनस्पती रगडायच्या आणि बाकीचं लांबलचक आतड्यावर सोडायचं. तिथं उंच, गुंतागुंतीच्या घड्या दिसतील आणि एकेरी थराच्या उभट पेशी, वरच्या कडेला ब्रशसारखी रेघ. मुलं त्याला स्टमक असं लेबल लावून येतात, ते खोडा आणि इंटेस्टिनल बल्ब लिहा.

मग चिलापी. पिशवीसारखं जठर, आणि घड्यांच्या खाली नळ्यानळ्यांसारख्या ग्रंथी दाटीनं. यातली पेशी नीट बघा, गुलाबी, दाणेदार, गोलसर. माणसात आम्ल बनवणारी पेशी वेगळी आणि पेप्सिनोजेन (ज्यापासून पेप्सिन होतं ते) बनवणारी वेगळी, माशात ही दोन्ही कामं एकच पेशी करते. पेपरला हे नेहमी विचारतात पण डोळ्यानं बघितलेलं फार कमी जणांना आठवतं. चिलापी भरपूर खात असताना जठराचा पीएच २च्याही खाली जातो. उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवं पडतं तुम्ही बघितलं असेल, त्यातल्या नील-हरित शेवाळाच्या पेशीभिंती एवढ्या तीव्र आम्लानं फुटतात आणि मग तिचं अतिलांब आतडं त्यातलं अन्न शोषतं. चिलापी त्या पाण्यावर एवढी पोसते त्यामागं या ग्रंथींचाही मोठा हात आहे.

मरळ शिकारी. जाड स्नायूंचं जठर, मोठमोठ्या घड्या, ग्रंथी पुढच्या भागात दाट आणि आतड्याकडच्या टोकाला दिसेनाशा, आतडं मात्र आखूड, शरीराएवढंही नाही. इथं एक सापळा आहे. जठर संपतं तिथं मरळला दोन बंद नळ्या फुटतात, पायलोरिक सिका म्हणतात त्यांना, आणि त्यांची भिंत आतड्यासारखीच दिसते. तेव्हा एकाच स्लाईडवर आतड्याच्या तीन कड्या शेजारी शेजारी दिसल्या तर घाबरू नका, मासा विचित्र नाहीये.

दुसरा सापळा स्वादुपिंडाचा. रोहू आणि चिलापीत ते वेगळं अवयव म्हणून सापडत नाही, यकृतातल्या शिरांच्या कडेनं पसरलेलं असतं. आतड्याच्या तुकड्याला यकृत चिकटून आलं असेल तर फिकट यकृतपेशींच्या मधे गडद जांभळ्या बुडाच्या आणि आत चमकदार गुलाबी दाणे असलेल्या पेशींचे गुच्छ दिसतील. ती गाठ नाही, तो आजार नाही. ते दाणे म्हणजे एन्झाईमचा साठा, आणि तेच मेल्यानंतर सगळ्यात आधी आजूबाजूचं खायला निघतात.

शेवटच्या भागाकडं येताना घड्या बुटक्या होत जातात, गॉब्लेट पेशी वाढत जातात, पुढच्या आणि मागच्या स्लाईडवर दहा-दहा घड्यांतल्या पेशी मोजून बघा, फरक स्वतःच्या आकड्यांत दिसेल. काही माशांत आतड्याच्या मागच्या भागातल्या पेशींत केंद्रकाच्या वर मोठे फुगे दिसतात. तेही ऱ्हासाचं लक्षण नव्हे, तिथं पेशी प्रथिनांचे मोठे रेणू जसेच्या तसे गिळतात आणि आत नेऊन पचवतात.

आणि हे ओळखायचं कसं, फुगा खरा की सडलेला? केंद्रक बघा. खऱ्या फुग्याच्या पेशीत केंद्रक ठसठशीत, एका रांगेत, आणि घडीचं टोक शाबूत असतं. सडलेल्यात केंद्रकं पुसट, रांग मोडलेली, आणि टोकावरचा थर सालीसारखा सुटलेला. तरी शंका उरली तर वही उघडून त्या दोन वेळा बघा, मासा कापला ती आणि तुकडा बाटलीत पडला ती. मधे दहा मिनिटांच्या वर गेली असतील तर ती स्लाईड मोजायला घेऊ नका, पुढच्या काढणीला कधी येऊ असं शेतकऱ्याला फोन करून विचारा.